तीन हजारांत नवे इअरफोन: आधी टिप, मग ड्रायव्हर

तुमचे चार वर्षं वापरलेले वायरवाले इअरफोन डावीकडून मंद झालेत, आणि काम करताना रोज चार-पाच तास ख्याल, जुनी सिनेगीतं आणि मेटल असं सगळं ऐकायचंय. बजेट तीन हजार.

खरेदीआधी डावा इअरफोन उजेडात धरून पाहा. इअरफोनच्या कानात जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते, तिच्यावर कानातल्या मळाचा पिवळट थर बसतो आणि ती बाजू मंद होते. मी एक जोडी मेली म्हणून टाकायला काढली होती. टिप, म्हणजे नळीवरचं मऊ टोपण, काढली, तोंड जमिनीकडे धरून मऊ कोरड्या ब्रशने जाळी झाडली, आवाज परत आला. तोंड खालीच हवं, नाहीतर मळ आत पडतो. टाचणी अजिबात घालू नका. वायर सुटी होत असेल तर डावी-उजवी अदलाबदल करून पाहा. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर फक्त वायर बदलायची आहे.

नवेच घ्यायचे तर ड्रायव्हर, म्हणजे आतले आवाज काढणारे छोटे स्पीकर, किती आहेत हे विचारू नका, टिप कानात कशी बसते ते बघा. फट राहिली की सगळ्यात आधी बेस गळतो. डग्गा पोकळ वाजतो, बेस गिटार गायब होतं, मग आपण आवाज वाढवतो आणि तासाभरात कान थकतात. दोन्ही कानांचं माप एकच असेल असंही नाही. माझ्या डाव्या कानात मध्यम टिप बसते, उजव्यात मोठी. फोमची टिप असेल तर बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा.

नावंच हवीत तर सेव्हनहर्ट्झ सॅलनोट्स झीरो २ किंवा मूनड्रॉप चू २. दोन्हींत एकच १० मिमी डायनॅमिक ड्रायव्हर, दोन्हींची वायर सुटी होते, ०.७८ मिमीच्या दोन पिनांची. तुमच्या यादीला मी पहिला देईन. बेस भरदार आहे, तरी गळा झाकत नाही. पारखायला तानपुरा लावा. जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणझण, झंकारली पाहिजे, पण टोचता कामा नये. जिथे टोचते तिथे मेटलमधल्या झांजा दुसऱ्या तासाला असह्य होतात. तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, मोठा वाजतो तोच उगाच चांगला वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास आहे. तुमचे तास बघता आवाज त्याच्या खालीच ठेवा.

घेतल्यावर आठवडाभर वापरा आणि नेमकं कुठे दुखतं ते सांगा. कानाच्या वाटीत दुखलं तर इअरफोनची बॉडी मोठी आहे, कानाच्या आतल्या नळीत दुखलं तर टिप मोठी. त्यावरून पुढचं सुचवतो.