शेवटची मॅच झाली आणि मुलगा खोलीतून बाहेरच येईना

"ताई, मुलाचं फुटबॉल संपलं आणि घरात कुणीतरी गेल्यासारखं वाटतंय. तो नीट बोलत नाही, पडून असतो, डिसेंबरच्या कॉलेज डेडलाइन्स डोक्यावर आल्यात. शेवटी खेळच होता ना, मग एवढं काय? काही सिरियस तर नसेल?"

असा मेसेज मला दर नोव्हेंबरमध्ये येतोच. मी डॅलसच्या उत्तरेकडच्या सबर्ब्समध्ये समुपदेशन करते, टीनएजर मुलं आणि त्यांची घरं हेच माझं काम. इथे मराठी घरंही खूप आहेत आणि त्यातल्या काही घरांतली मुलं शाळेच्या टीममध्ये फुटबॉल खेळतात. फुटबॉल म्हणजे मेस्सीचा नाही, हेल्मेट आणि पॅड घालून खेळतात तो. एका घराची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात. मुलाला आपण दादाच म्हणू, त्याची धाकटी बहीण त्याला तेच म्हणते.

आधी टेक्सासमध्ये हे प्रकरण केवढं मोठं आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुण्या-नाशिकमध्ये बसून वाचणाऱ्याला वाटेल की पोराचे लाड चाललेत. शुक्रवारी रात्री अख्खं गाव स्टेडियमवर असतं. इथे जवळच अ‍ॅलन म्हणून गाव आहे, तिथलं शाळेचं स्टेडियम १८,००० लोकांचं आहे, २०१२ मध्ये उघडलं, सुमारे ६ कोटी डॉलर खर्च आला होता, आणि हे सगळं शाळेतल्या पोरांच्या मॅचसाठी! शाळेचा फुटबॉल सातवीतच सुरू होतो, म्हणजे बारावी संपेपर्यंत सहा वर्षं. ऑगस्टच्या उन्हात प्रॅक्टिस, पहाटेची वेट रूम, मार्कांत नापास झालास तर खेळायला मिळणार नाही हा १९८४ पासूनचा राज्याचा नियम, आणि नोव्हेंबरमध्ये प्लेऑफ. प्लेऑफमध्ये एक मॅच हरलात की घरी, त्यामुळे शेवटची मॅच कोणती हे आधी कुणालाच कळत नाही, हरल्यावर कळतं.

दादा लेफ्ट गार्ड होता, ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या, म्हणजे बॉल असलेल्या टीमच्या पुढच्या रांगेतल्या पाच जणांपैकी एक, नंबर ६४, वजन २६५ पाउंड म्हणजे साधारण १२० किलो. या पोझिशनला बॉल हातात येतच नाही म्हटलं तरी चालेल, समोरच्याला अडवायचं आणि मागच्याला वाट करून द्यायची एवढंच काम. टीव्हीवर नाव येत नाही, पेपरात फोटो नाही, पण लाइन पडली की सगळं पडतं.

सीनियर नाइटला, म्हणजे घरच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचला, आईबाबा दोन्ही बाजूंनी त्याचा हात धरून मैदानात चालले, माइकवर आडनावाचा उच्चार चुकला तरी आईच्या डोळ्याला धार लागली. मग पुढे प्लेऑफची पहिलीच मॅच, दुसऱ्यांच्या गावात, आणि तिथे हरले. सगळी बारावीची पोरं मैदानातच गुडघे टेकून बसून राहिली, कोच एकेकाला मिठी मारत होते, आणि स्टेडियमचे दिवे घालवायला लागले तरी कुणी उठेना. हे मला आईने सांगितलं. दादाने त्या रात्रीबद्दल अजूनही फारसं सांगितलेलं नाही आणि मी विचारतही नाही.

माझ्याकडे आले तेव्हा दोन आठवडे होऊन गेले होते, थँक्सगिव्हिंग, म्हणजे इथला नोव्हेंबरअखेरचा मोठा सण, नुकतंच झालं होतं. इथे थँक्सगिव्हिंगच्या सकाळी प्रॅक्टिस असणं हा मान समजतात, म्हणजे तुमची टीम अजून जिवंत आहे. त्या दिवशी दादा पहाटे ५:२० ला उठला, बूट घातले, आणि जिन्यात बसून राहिला. बहिणीने बघितलं आणि ती घाबरून आईला उठवायला गेली.

पहिल्या भेटीत आईच बोलत होती, मी त्याला विचारलं झोप कशी आहे तरी उत्तर आईनेच दिलं. मग आईबाबा दोघांना बाहेर बसायला सांगितलं. एकटा असताना मी पहिल्यांदा सरळ विचारलं, मरून जावं, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का. (हे विचारायला पालक फार घाबरतात, विचारलं तर डोक्यात घातल्यासारखं होईल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही, विचारा.) तो म्हणाला, "नाही काकू, तसं नाही. जस्ट एम्प्टी. रिकामं रिकामं." मग डोक्याला मार लागला होता का ते विचारलं, दहावीत एकदा कन्कशन, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला धक्का, झालं होतं. आता डोकेदुखी, चक्कर काही नव्हतं तरी मी त्यांना आधी डॉक्टरकडे पाठवलं, कारण या खेळातल्या मुलाचा मूड बदलला की ते मनाचंच आहे असं धरून चालू नये. तिथे सगळं ठीक निघालं.

आणि मग मी एक चूक केली. म्हटलं, अरे कॉलेजमध्ये फ्लॅग फुटबॉल (पाडापाडी नसलेला, बिनपॅडचा) असतो, मजेसाठीच्या टीम असतात, खेळत राहशील की! त्याने मान हलवली, हुडी डोक्यावर ओढली, आणि त्या दिवशी पुढे एक शब्द बोलला नाही. घरी सगळे जे करत होते तेच मीही केलं होतं. त्याचं संपलेलं नीट बघायच्या आधीच त्यावर काहीतरी ठेवून झाकून टाकायला निघाले होते.

दुसऱ्या भेटीत मी फक्त विचारलं की तुझं हेल्मेट कुठाय आता? तेव्हा तो बोलला. सामान शाळेचं असतं ना सगळं. हरल्यानंतरच्या सोमवारी लाइन लावून परत द्यायचं होतं, हेल्मेट, शोल्डर पॅड, जर्सी. एक जण यादी घेऊन बसला होता, वस्तू घेतली की टिक, नेक्स्ट. "पाच मिनिटंपण नाही लागली काकू. सिक्स इयर्स, आणि टिक." हेल्मेटमध्ये आतल्या बाजूला त्याने आजोबांचं नाव मार्करने लिहिलं होतं, ते पुसायचं राहिलं म्हणाला, आणि तिथे पहिल्यांदा रडला.

मग त्याने जे सांगितलं ते मी आता दर वर्षी पालकांना सांगते. म्हणाला, बाबा अजून रविवारी क्रिकेट खेळतात, आई बॅडमिंटन खेळते, माझे टेनिसवाले मित्र पन्नाशीतही टेनिस खेळतील, पण मी जे करत होतो ते मी आयुष्यात परत कधीच करणार नाही. पाच जण एकाच क्षणी पाऊल टाकतात त्याचा एक आवाज येतो, तो आवाज मला परत कधी ऐकू येणार नाही.

हे अगदी खरं आहे. पॅड घालून अकरा विरुद्ध अकरा कुणी रविवारी सोसायटीच्या मैदानावर खेळत नाही. अमेरिकेत साधारण दहा लाख मुलं हायस्कूल फुटबॉल खेळतात आणि त्यातली सातेक टक्केच पुढे एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची जी मोठी संघटना आहे तिच्या, टीममध्ये खेळतात. म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठी सतरा-अठराव्या वर्षी दार बंद होतं, आणि तेही बहुतेकांचं हरलेल्या रात्री.

केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं, जे दुःख आजूबाजूचे लोक दुःख मानतच नाहीत, त्यासाठी कुणी भेटायला येत नाही, कुणी जेवण आणून देत नाही. माणूस दुःखात असतो आणि वर त्याला दुःख झाल्याची लाज वाटते. दादाला तीच लाज होती. "इट्स जस्ट अ गेम" हे वाक्य त्याने त्या दोन आठवड्यांत इतक्यांदा ऐकलं होतं की तो स्वतःलाच तेच सांगत होता. आपल्याकडे तर दहावी आली की कबड्डी, खो-खो बंद, एका दिवसात, आणि निरोप वगैरे घ्यायची पद्धतच नाही. त्या मुलांचं काय होत असेल याचा मी हल्ली फार विचार करते.

बाबांना मी एकट्यांना बोलावलं, कारण दादा म्हणाला होता, "आय ॲम ओके विथ इट बीइंग ओव्हर. बाबा इज नॉट." बाबा इंजिनियर, त्यांनी चाळीस छोट्या कॉलेजांची एक्सेल शीट केली होती, सगळी डिव्हिजन थ्रीची, म्हणजे एनसीएएच्या तिसऱ्या गटातली, आणि दादाच्या मॅचचे व्हिडिओ कापून तिथल्या कोचना ते रोज रात्री ईमेल पाठवत होते. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, म्हणजे पैशांसाठी चाललं होतं असंही नाही. मी विचारलं, दादाला विचारलंत का? म्हणाले, विचारलं होतं, नको म्हणाला. मग? बराच वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "ताई, मी पहिली दोन वर्षं एकसुद्धा मॅच बघितली नाही. भीती वाटायची, मान मोडेल, डोक्याला लागेल. त्याच्याशी भांडायचो खेळू नको म्हणून. सातवी-आठवीतलं त्याचं काहीच माझ्याकडे नाही, एक फोटोपण नाही."

ते ती दोन वर्षं परत मिळवायला बघत होते हो! चाळीस कॉलेजांना ईमेल करून. मी म्हटलं, हे त्याला सांगा. हेच, असंच.

आईचं वेगळंच होतं. दर गुरुवारी टीमचं जेवण पालक आळीपाळीने करायचे आणि लाइनवाल्या पोरांना तिची पावभाजी इतकी आवडायची की ती जवळजवळ तिचीच ड्यूटी होऊन गेली होती. दहा-बारा धिप्पाड पोरं किचनमध्ये उभी राहून खायची, तिला मॉम म्हणायची. वीस वर्षं या देशात राहून ती पहिल्यांदा इथली कुणीतरी झाली होती. आता ग्रुपवर मेसेज येत नाहीत, गुरुवारी ती ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडायची आणि घरी येऊन दादाला म्हणायची, चल ऊठ आता, किती दिवस असा बसणार. एका घरात तिघांचं तीन वेगवेगळं संपलं होतं आणि चिंता मात्र फक्त दादाची चालली होती.

मग आजोबा मधे आले, यात माझं काहीच नाही. आईचे वडील सांगलीकडचे, तरुणपणी कुस्ती केलेले. व्हिडिओ कॉलवर त्यांनी नातवाला विचारलं, "तुला कुणी सांगितलं का, की बाबा आता झालं तुझं, चांगलं केलंस?" दादा म्हणाला, नाही. आजोबा म्हणाले, माझ्या वस्तादांनी मला तालमीत नारळ फोडायला लावला, लंगोट खुंटीला टांगायला लावला आणि म्हणाले उद्यापासून लहान पोरांना मातीत उतरव. त्या रात्री मी लई रडलो, पण मला माहीत होतं की आज संपलं.

डिसेंबरमधल्या एका शुक्रवारी आईबाबा, दादा आणि बहीण असे चौघं शाळेच्या प्रॅक्टिस ग्राउंडवर गेले. भव्य असं काही झालं नाही, गेटला कुलूप होतं. गाडीतच बसून पावभाजी खाल्ली, लाइनमधले दोन मित्रही आले होते. बाबांनी ते सातवी-आठवीचं सांगितलं, इंग्रजीत सांगितलं म्हणे, मराठीत जमेना. मग बहिणीने विचारलं, दादा, तू सातवीत पहिल्यांदा खेळलास तेव्हा काय झालं होतं, आणि तो दीड तास बोलत होता. बाबांनी व्हिडिओ काढला नाही. ईमेल नंतर आपोआप थांबले.

ज्यांच्या घरी आत्ता हे चाललंय त्यांना दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. एक तर जेवण. लाइनवाल्या मुलाने चार वर्षं मुद्दाम वजन वाढवलेलं असतं, व्यायाम थांबला आणि ताटात त्याच बारा पोळ्या पडत राहिल्या तर अवघड होतं, पण लगेच त्याच्या वजनावर बोलू पण नका, त्या शरीराचा त्याला अभिमान होता. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाला विचारून हळूहळू उतरवा. सकाळची ती रिकामी वेळ लगेच भरायला जाऊ नका, पण त्याला एकट्यालाही सोडू नका, कुणीतरी उठून सोबत चहा प्या. दादाच्या घरी बाबा उठायला लागले. कॉलेजचे फॉर्म रोज अर्धा तास शेजारी बसून करा, लेक्चर न देता. आणि निबंधात फुटबॉलवर लिहायचं असेल तर लिहू द्या.

मात्र झोप-भूक पूर्ण गेली, दोन-तीन आठवड्यांनी कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चाललंय, दारू-गोळ्या सुरू झाल्या, आवडत्या वस्तू वाटून टाकतोय, जगण्यात अर्थ नाही असं बोलतोय, यातलं काही दिसलं तर हे निरोपाचं दुःख आहे म्हणून थांबू नका. अमेरिकेत ९८८ हा नंबर फोन आणि मेसेज दोन्हीला चालतो, भारतात टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे. लगेच मदत घ्या.

दादाचे फॉर्म वेळेत गेले. मार्चपर्यंत तो ठीकठाक होता, मधे एक-दोन वाईट आठवडे आले, बाकीच्यांच्या लेटर जॅकेटचे (शाळेच्या टीममधल्या खेळाडूंचं मानाचं जॅकेट) फोटो बघून, तेवढंच.

ऑगस्ट संपता संपता आईचा फोन आला. दादा कॉलेजला गेला होता आणि ती आणि बाबा दोघं शाळेच्या पहिल्या मॅचला जाऊन आली होती, उगाचच, बघू म्हणून. ६४ नंबर दुसऱ्या एका पोराच्या अंगावर होता, छोटा वाटला म्हणाली, अकरावीतला असेल. त्याच्या आईबाबांच्या मागेच हे बसले होते. तिसऱ्या क्वार्टरला फार उकडायला लागलं म्हणून दोघं उठून घरी आले. दादाला फोटो पाठवला तर त्याचा मेसेज आला, त्याला सांगा डावा पाय जरा मागे ठेव.