‘अंशतः खरे आहे’ म्हणजे नेमके किती?

विधिमंडळाच्या कामकाजाविषयी वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त प्रतिवेदक बाईंची उत्तरे

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभर डॉक्टर नाही. आमचे आमदार विरोधी पक्षाचे आहेत. त्यांनी विधानसभेत तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं) टाकला. छापील उत्तर आलं ते असं : (१) हे अंशतः खरे आहे. (२) हे खरे नाही. (३) कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस या उत्तराची टिंगल चालली होती. खरं सांगा, विरोधी आमदाराने प्रश्न विचारून होतं काय?
(एक शिक्षक वाचक, जि. अहिल्यानगर)

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या पानाचा फोटो मी मोठा करून दोनदा वाचला. सवय जात नाही. एकतीस वर्षं मी विधानभवनात प्रतिवेदक होते. अध्यक्षांच्या आसनासमोरच्या टेबलाशी बसायचं, सदस्य बोलतील ते लघुलिपीत उतरवायचं, काही मिनिटांनी दुसरी आली की उठून टंकलेखनाला पळायचं. भाषण ऐकायला सवड नसते, पण शब्द मात्र एकही सुटत नाही.

तुमचा ग्रुप हसला चौथ्या उत्तरावर. ते खरं तर निरुपद्रवी आहे. तुमच्या आमदारांचा चौथा भाग ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ असा आहे. तिसऱ्या भागाला ‘कार्यवाही सुरू आहे’ म्हटलं की ‘नसल्यास’ला जागाच उरत नाही, म्हणून ‘प्रश्न उद्भवत नाही’. यात उद्धटपणा नाही, नुसतं व्याकरण आहे. प्रश्नांचा हा साचा इतका जुना आहे की नवा आमदारही पहिल्याच अधिवेशनात ‘असल्यास’, ‘नसल्यास’ लिहायला लागतो.

दुसरं उत्तर, रुग्णांची गैरसोय होत नाही हे, चीड आणणारं आहे. पण माझी नजर अडली ती पहिल्यावर, म्हणजे पदं रिकामी आहेत का याच्या उत्तरावर.

‘हे खरे आहे’ लिहिलं की मंत्री अडचणीत. ‘हे खरे नाही’ लिहिलं आणि ते खोटं निघालं, तर हक्कभंगाची टांगती तलवार. म्हणून मंत्रालयातला कक्ष अधिकारी मधला शब्द शोधतो. ‘एलएक्यू’, म्हणजे विधानसभेचा प्रश्न, ‘आलाय’ म्हटलं की जिल्ह्यापासून तालुक्यापर्यंत फोन खणखणतात. वर्षभर कपाटात पडलेली फाईल त्या दिवशी टेबलावर येते, कोणाला तरी तिच्यावर सहीनिशी काहीतरी लिहावं लागतं. प्रश्न सभागृहात पुकारला जाण्याआधीच एवढं घडून गेलेलं असतं. ‘अंशतः’ म्हणजे कोणीतरी पदांचा तक्ता उघडून पाहिला आणि निदान काही पदं रिकामी सापडली. ती किती, हे काढून घ्यायला उपप्रश्न असतो.

नागपूरच्या एका हिवाळी अधिवेशनातलं सांगते. आम्हा कर्मचाऱ्यांचा मुक्काम १६० खोल्यांच्या गाळ्यांत. पहाटे गरम पाण्याच्या बादलीसाठी रांग, नंतर शाल गुंडाळून विधानभवन. त्या सकाळी प्रश्न होता एका तालुक्यातल्या बंद हातपंपांचा. उत्तर ठरलेलं, अंशतः खरे आहे. विचारणारे सदस्य विरोधी बाकावरचे, आवाज बारीक, भाषणासाठी कोणी त्यांना बोलावणार नाही असे. ते उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, ‘अध्यक्ष महोदय, अंशतः म्हणजे किती हातपंप?’ आणि बसले. मंत्र्यांनी फाईल चाळली. अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिलं. तिथून शिपायाच्या हाती चिठ्ठी निघाली. ती येईपर्यंत सभागृहात कोणी काही बोललं नाही, माझी पेन्सिल कागदावर तशीच टेकलेली. मग मंत्री म्हणाले, ‘सतरा.’ सदस्य पुन्हा उठले. ‘कधीपासून?’ पुन्हा चिठ्ठी. ‘चौदा महिने.’ तिसऱ्यांदा त्यांना उठावंच लागलं नाही. महिन्याभरात दुरुस्त करतो, असं मंत्र्यांनी आपणहून सांगून टाकलं. मी ते वाक्य उतरवलं आणि समासात खूण केली. मंत्र्यांनी सभागृहात ‘करतो’ म्हटलं की ते आश्वासन होतं, आणि त्याचं काय झालं हे विचारायला आश्वासन समिती असते. ती सावकाश चालते. पण विसरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हातपंप ठीक, मोठी प्रकरणं अशी निघतात का? निघाली आहेत. १९५७ साली नव्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. लोकसभेत त्यावर आधी साधे प्रश्न आले, उत्तरं गुळमुळीत मिळाली. त्याच गुळमुळीतपणाला धरून १६ डिसेंबरला फिरोज गांधी बोलायला उभे राहिले, हातात तारखा आणि आकडे. मग न्या. छागलांचा एकसदस्य आयोग. त्याची जाहीर सुनावणी मुंबईत झाली, आणि गर्दी एवढी की बाहेर कर्णे लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. आणि हे फिरोज गांधी विरोधी बाकावरचे नव्हतेच. काँग्रेसचे खासदार, पंतप्रधानांचे जावई. सत्ताधारी बाकावरून असा प्रश्न येण्याची वाट आज पाहिली तर केस पांढरे होतील. माझे झाले. म्हणून सगळा भार विरोधकांवर पडतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आमदारांना भेटा, पण ‘पुन्हा आवाज उठवा’ असं मोघम सांगू नका. त्याच उत्तरावर अर्धा तास चर्चेची सूचना किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) द्यायला सांगा, आणि सोबत तारखांचा कागद द्या : डॉक्टर कधी गेले, बाह्यरुग्ण नोंदवहीत त्या महिन्यांत किती रुग्ण आहेत, किती बाळंतिणींना ग्रामीण रुग्णालयात हलवावं लागलं. आमदारांकडे माणसं असतात, पण तुमच्या नोंदवहीतला आकडा त्यांना कोण देणार? दुसरं, हे उत्तर ज्या टिपणीवरून तयार झालं तिची प्रत माहिती अधिकारात मागा. ‘गैरसोय होत नाही’ हे कोणी, कशावरून लिहिलं ते त्यात सापडेल.

प्रश्न : सध्या विधानसभेत विरोधी पक्षनेताच नाही. दहा टक्के जागा लागतात असा कायदा आहे का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : २०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी विरोधातल्या सर्वात मोठ्या पक्षाला २० जागा मिळाल्या. दहा टक्के धरले तर २९ हव्यात, त्यावरून हा घोळ आहे. पण दहा टक्के हा आकडा कायद्यातला नाही. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनी पक्षाला मान्यता देण्यासाठी गणपूर्तीइतकं, म्हणजे एक दशांश, संख्याबळ हवं असा दंडक घातला, तिथून तो रूढ झाला. संसदेतल्या विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनाचा १९७७ चा कायदा फक्त दोन गोष्टी म्हणतो : विरोधातला संख्येने सर्वात मोठा पक्ष, आणि अध्यक्षांची मान्यता. दिल्ली विधानसभेत २०१५ साली ७० पैकी अवघे ३ आमदार असलेल्या भाजपला हे पद मिळालं होतं. अध्यक्षांच्या मनात असेल तर वाट आहे, एवढंच मी म्हणेन.

पद नसलं म्हणून प्रश्न थांबत नाहीत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, मंत्रिपदाचा थोडा काळ वगळता सारा जन्म विरोधात, आणि त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाची (शेकाप) संख्या बहुतेक वेळा बोटांवर मोजण्याइतकी. मृणालताई गोरेंनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं, विधेयक आणलं. अशी विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, हेही झालं नाही. पण १९८८ साली सरकारलाच स्वतःचा कायदा आणावा लागला, देशातला पहिला. केंद्राला त्यासाठी १९९४ उजाडलं.

प्रश्न : विरोधक सारखा गोंधळ घालून कामकाज का बंद पाडतात? तुम्हाला राग यायचा का?
(एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : यायचा, पण कारण वेगळं. गोंधळ झाला की आम्ही कंसात ‘(गोंधळ)’ एवढाच शब्द लिहायचो. चाळीस माणसं घसा फोडून ओरडली, वृत्तांतात तीन अक्षरं. सरकार ऐकतच नसेल तर सभात्याग करावा, त्याचं कारण तरी नोंदलं जातं. पण गोंधळ बहुधा सकाळीच होतो आणि बुडतो तो प्रश्नोत्तराचा तास. त्या यादीत ज्याचा प्रश्न वर लागलेला असतो तो सदस्य, बहुतेकदा विरोधकच, आपल्याच पक्षाच्या घोषणांमध्ये हातात कागद धरून उभा राहिलेला मी कितीदा पाहिलाय. समोर मंत्री फाईल मिटून चहा सांगायचे.