पेरूमध्ये पिस्कोची टेस्टिंग टूर आणि इंका ट्रेल एकाच सहलीत करायचं तर आधी काय ठेवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं पुण्याहून पेरूला जाताय, हातात सोळा दिवस आहेत, माचू पिक्चूपर्यंतचा चार दिवसांचा इंका ट्रेल चालायचा आहे आणि पिस्को ही द्राक्षाची दारू जिथे गाळतात ती जागा बघून चाखायचीही आहे. एजंटने टेस्टिंग कुस्कोत, ट्रेकच्या आदल्या संध्याकाळी ठेवली आहे. चालेल का, आणि परवान्याचं काय?

चालणार नाही. एजंटला आजच फोन करून ती संध्याकाळ बदलून घ्या. कुस्को ३४०० मीटरवर आहे. विरळ हवेचा त्रास सुरू होतो तेव्हा डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही, गळून गेल्यासारखं वाटतं. दारू उतरतानाही नेमकं हेच होतं. सकाळी डोकं धरून उठलात तर ते पिस्कोमुळे की उंचीमुळे, हे तुम्हालाही कळणार नाही आणि गाइडलाही नाही. शिवाय दारूमुळे झोपेत श्वास मंदावतो, आणि तिथे रात्री शरीराला जास्त श्वासाचीच गरज असते. म्हणून पिस्को समुद्रसपाटीजवळ, सहलीच्या सुरुवातीला. मग उंची. ट्रेकच्या आधीचे दोन दिवस आणि ट्रेकचे चार दिवस थेंबभरही नको.

पण तिकिटं काढण्याआधी परवाना. इंका ट्रेलवर दिवसाला ५०० माणसं सोडतात, आणि त्यात गाइड, स्वयंपाकी, पोर्टर सगळे आले. चालायला येणाऱ्यांच्या वाट्याला साधारण २०० जागा उरतात. स्वतःहून जाऊन चालता येत नाही. सरकारमान्य कंपनीमार्फतच परवाना निघतो आणि सोबत गाइड लागतोच. मे ते ऑगस्टमधली तारीख हवी असेल तर सहा महिने आधी पैसे भरून मोकळे व्हा. फेब्रुवारीत ट्रेल दुरुस्तीसाठी पूर्ण बंद असतो, माचू पिक्चू मात्र तेव्हाही उघडं असतं. परवान्याची तारीख हाती आली की तिच्या मागेपुढे विमान, हॉटेल, पिस्कोसाठी इका शहर, सगळं बसवायचं. उलट केलंत तर विमानाचं तिकीट आहे आणि ट्रेलवर जागा नाही, अशी गत होते.

परवान्यावर नाव, पासपोर्ट नंबर, राष्ट्रीयत्व आणि जन्मतारीख असते, आणि तो दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आपल्याकडच्या लोकांची गाडी इथे नावावर अडते. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे छापलेलं असतं आणि फॉर्ममध्ये माणूस नुसतं नाव-आडनाव लिहून मोकळा होतो. तसं करू नका; पासपोर्टवर जसं आहे तसं, अक्षरशः तसंच द्या. मधल्या काळात पासपोर्ट नवा झाला तर कंपनीला लगेच कळवा आणि ट्रेकला जुना-नवा दोन्ही जवळ ठेवा. ट्रेल जिथे सुरू होतो त्या किलोमीटर ८२ च्या चौकीवर मूळ पासपोर्टच बघतात, झेरॉक्स चालत नाही.

आता पिस्को. लिमाहून दक्षिणेला सुमारे ३०० किलोमीटरवर इका आहे, बसने चार-पाच तास. वाळवंटातली जागा, उंची जेमतेम ४०० मीटर. ताकामा, व्हिस्ता आलेग्रे, एल काताडोर अशा बऱ्याच ठिकाणी फिरवून दाखवतात. गोव्यात फेणीच्या भट्टीवर उभं राहिलेल्या माणसाला इथली अर्धी गोष्ट आधीच कळते. फेणीत पहिल्या गाळपाला उर्राक निघते आणि ती पुन्हा गाळली की फेणी. पिस्को मात्र एकदाच गाळायची आणि नंतर तिच्यात पाणी घालायचं नाही, असा नियम आहे. बाटलीतली तीव्रता ३८ ते ४८ टक्क्यांच्या मधे हवी, म्हणजे ती भट्टीवरच साधावी लागते.

म्हणून टूरमध्ये सगळ्यात जास्त वेळ भट्टीपाशी थांबा, दुकानात नाही. जुन्या पद्धतीच्या भट्टीला फाल्का म्हणतात: तांब्याचं भांडं विटांच्या बांधकामात बसवलेलं, त्यातून एक निमुळती तांब्याची नळी निघते आणि पाण्याच्या हौदातून आरपार जाते. हौदाच्या पलीकडे बोटाएवढी धार पडते. पहिली धार म्हणजे डोकं. तिला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा झोंबरा वास असतो, ती बाजूला काढतात. मग धड, तीच पिस्को. शेवटी शेपूट, ओल्या पुठ्ठ्यासारखा जड वास. धार सुरुवातीला कडक असते आणि हळूहळू उतरते. पाणी घालून दुरुस्त करायची सोय नसल्याने कारागिराला नेमक्या क्षणी धार तोडावी लागते. लवकर तोडली तर दारू फार कडक, उशीर झाला तर शेपटाचा वास सगळ्या घाण्यात उतरला. गाइडला एवढंच विचारा: ‘तुम्ही धार किती टक्क्यांवर तोडता?’ नीट आकडा देऊन उत्तर मिळालं तर समजा, चांगल्या ठिकाणी आलात.

गाळल्यावर निदान तीन महिने काचेत, स्टीलमध्ये किंवा चव न देणाऱ्या दुसऱ्या भांड्यात मुरवतात. लाकडाचं पिंप चालत नाही, म्हणून पिस्को पाण्यासारखी स्वच्छ असते. पेरूच्या नियमात आठच जातींची द्राक्षं बसतात. त्यातली केब्रान्ता, नेग्रा क्रिओया, मोयार आणि उविना कमी वासाची. इतालिया, तोरोंतेल, आल्बिया आणि मोस्कातेल सुगंधी. एकाच जातीची असेल ती पुरो, मिश्रण असेल ते आचोलादो. आंबवण पूर्ण व्हायच्या आत, रसात थोडी साखर शिल्लक असतानाच गाळली तर मोस्तो व्हेर्दे. तिला द्राक्षं कितीतरी जास्त लागतात, म्हणून ती महाग, आणि जिभेवर रेशमासारखी जाते. एकच बाटली घ्यायची असेल तर मी मोस्तो व्हेर्देच घ्यायला सांगेन.

चाखण्याचा क्रम केब्रान्ता, मग आचोलादो, मग इतालिया किंवा तोरोंतेल, मोस्तो व्हेर्दे शेवटी. पर्यटकांच्या घाईगर्दीच्या टूरमध्ये उलटं होतं: आधी गोड पेयं हातात देतात, जीभ साखरेने बधिर होते आणि मग पुढची प्रत्येक पिस्को नुसती जळजळीत लागते. गोड पेयं शेवटी द्या म्हणून सरळ सांगा, कोणाला राग येत नाही. पेल्यात नाक खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून पेला हनुवटीपाशी धरा आणि हळूहळू वर आणा. पहिला घोट फक्त तोंड ओलं करायला, चव दुसऱ्या घोटाला कळते. एका नमुन्यात साधारण २० मिलिलिटर ओततात. सहा नमुने म्हणजे १२०, आपल्या हिशेबात चार स्मॉल पेग, तेही भर दुपारच्या उन्हात. १० मिलिलिटरच मागा, थुंकायचं भांडं मागा, आधी जेवून जा.

अंडं खात नसाल तर पिस्को सावर या कॉकटेलवर जो पांढरा फेस असतो तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा असतो, हे लक्षात ठेवा. ‘सिन उएव्हो’ म्हटलं की अंड्याशिवाय करून देतात, किंवा चिल्कानो घ्या: पिस्को, लिंबू आणि जिंजर एल. इकाजवळच्या उआकाचिनाच्या टेकड्यांवर वाळूतली बग्गी चालवतात, ती टेस्टिंगच्या आधी सकाळी करा. नंतर केलीत तर पोटात काही राहणार नाही.

एक अडचण आहे. द्राक्षाचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिलचा, त्यानंतर भट्ट्या पेटतात. ट्रेलचा कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर. दोन्ही थोडं थोडं पदरात पाडायचं तर एप्रिलची अखेर किंवा मेची सुरुवात गाठा. पेटलेली भट्टी बघायला मिळण्याची शक्यता असते आणि डोंगरातला पाऊसही ओसरत आलेला असतो. जुलैत गेलात तर भट्ट्या थंड असतील, चाखायला मात्र सगळं मिळेल.

इकाहून लिमाला परत, तिथून विमानाने कुस्को. कुस्कोत उतरलात तरी मुक्काम तिथे करू नका. गाडी करून त्याच दिवशी उरुबाम्बा किंवा ओयान्तायताम्बोला उतरा. ती गावं २८०० मीटरच्या आसपास आहेत, कुस्कोहून सहाशे मीटर खाली. दोन रात्री तिथे, मग एक-दोन रात्री कुस्को, मग ट्रेक. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. कोकाच्या पानांचा चहा तिथे सर्रास मिळतो, प्या, पण त्याची एक पुडीही घरी आणू नका. कोकाची पानं भारतात अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात.

ट्रेल साधारण ४२ किलोमीटरचा. सह्याद्रीत फिरणाऱ्याला पायऱ्यांची भीती नाही, पण कळसूबाई १६४६ मीटर आहे आणि इथे चालायला सुरुवातच सुमारे २७०० मीटरवरून होते. अवघड दिवस दुसरा: वायाबाम्बाहून सुमारे १२०० मीटर चढून वार्मिवान्युस्का खिंड, ४२१५ मीटर. खिंडीच्या अलीकडे ल्युलुचापाम्पा नावाचं पठार लागतं, अंदाजे ३८०० मीटरवर. निर्णय घ्यायची जागा ती. पॅरासिटामॉल घेऊनही डोकं दुखायचं थांबत नसेल, उलट्या होत असतील, किंवा टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत दहा पावलं टाकताना तोल जात असेल, तर तिथून खाली फिरा. खिंड ओलांडली की परतायला पुन्हा तीच खिंड चढावी लागते. तिसऱ्या दिवशी उतार आणि हजारो दगडी पायऱ्या, गुडघ्यांची परीक्षा. काठ्या घ्याच, पण टोकाला रबर लावलेल्या; उघडं लोखंडी टोक जुन्या दगडांवर चालत नाही. चौथ्या दिवशी पहाटे चौकी उघडते आणि इंतीपुंकूहून, म्हणजे सूर्यद्वारातून, माचू पिक्चू समोर येतं.

सामान माणसंच पाठीवर वाहतात. पुरुष पोर्टरला २० किलोची आणि बाईला १५ किलोची मर्यादा आहे आणि चौकीवर वजन करतात. तुमच्या वाट्याला त्यातले साधारण ७ किलो येतात, स्लीपिंग बॅगसकट. सोबतचा माणूस ‘जास्तीचं असू दे’ म्हणाला तरी देऊ नका. काट्यावर जास्त भरलं तर ते कोणाच्या तरी पाठीवर लपवून चढवलं जातं. कंपनी निवडताना किमतीच्या आधी हे विचारा: पोर्टरला झोपायला गादी आणि तंबू देता का, जेवण काय देता? फार स्वस्त ट्रेकमध्ये पैसे बहुतेक वेळा याच ठिकाणी वाचवलेले असतात. शाकाहारी जेवण सगळ्या बऱ्या कंपन्या देतात, बुकिंगच्या वेळी लेखी कळवा.

व्हिसाचं थोडक्यात: तुमच्याकडे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा निदान सहा महिने वैध असलेला व्हिसा असेल तर पेरूचा वेगळा लागत नाही. नसेल तर दूतावासाकडून काढावा लागतो. पीतज्वराची लस मात्र दोघांनीही निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या. पेरूच्या डोंगरात तिची गरज पडत नाही, पण भारतात परतताना पडते: पेरू पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा. बाटल्या माणशी दोन लिटरपर्यंत शुल्काशिवाय आणता येतात. मोज्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत मधोमध, कपड्यांच्या थरात ठेवा. ट्रान्झिटच्या विमानतळावर पुन्हा सुरक्षा तपासणी असेल तर हातातली बाटली तिथेच काढून घेतात.