सुभेदारसाहेबांना काय म्हणायचं? : वाचकांची प्रश्नोत्तरे

तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलेत. त्यांना काका म्हणायचं की साहेब? मुंजीच्या पत्रिकेवर नाव कसं घालायचं? (इंदिरानगर)

सुरुवातीला 'नमस्कार, सुभेदारसाहेब' म्हणा. 'जय हिंद, साहेब' म्हणालात तर बहुतेक तितक्याच खणखणीत आवाजात उत्तर येईल. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर यांना फौजेत अधिकारीसुद्धा 'साहेब' म्हणतात. त्यांनी आपणहून 'काका म्हण' सांगितलं की काका.

पत्रिकेवर आधी हुद्दा, मग नाव, शेवटी कंसात 'निवृत्त'. 'माजी सुभेदार' नको, कारण माणूस निवृत्त होतो, हुद्दा नाही. गावाकडे सगळ्याच फौजींना प्रेमाने 'मेजर' म्हणतात, ते बोलण्यात चालतं. छापताना हवालदाराला परस्पर बढती देऊ नका. आणि हो, 28 सप्टेंबरला त्यांना 'गनर्स डे'च्या, म्हणजे तोफखान्याच्या दिवसाच्या शुभेच्छा द्या. देवळाली आणि नाशिकरोडच्या तोफखान्याशेजारी राहूनही आपल्यापैकी फार थोड्यांना तो दिवस ठाऊक असतो.

भेटल्यावर सॅल्यूट करावा का? (गंगापूर रोड)

गरज नाही, नमस्कार पुरे. लहान मुलांनी केला तर गोडच दिसतो.

26 जुलैला, कारगिल विजय दिनी, आमचं मंडळ माजी सैनिकांचा सत्कार करणार आहे. काय काळजी घ्यावी? (सिडको)

पहिली काळजी वेळेची. पाहुणे पाचच्या कार्यक्रमाला पावणेपाचला हजर असतात आणि मग नगरसेवकांची वाट बघत सातपर्यंत बसून राहतात. नेते उशिरा आले तरी सत्कार वेळेवर उरकून घ्या. नाव, हुद्दा, युनिट हे सगळं आदल्या दिवशी त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या आणि निवेदकाला ते दोनदा मोठ्याने वाचायला लावा. पत्नीलाही पुढच्या रांगेत खुर्ची द्या. बदल्यांमागून बदल्यांत घर तिनेच सांभाळलेलं असतं. 'दोन शब्द बोला' असं ऐनवेळी माईक पुढे करून म्हणू नका, आधी विचारा. नको म्हणाले तर विषय तिथेच सोडा.

शेजारचे काका फौजेत स्टोअरला होते, लढाईवर कधी गेलेच नाहीत. त्यांचेही आभार मानायचे? (नाशिकरोड)

अर्थात. तोफेपर्यंत गोळा आपोआप पोहोचत नाही. गणवेश घातला त्या दिवसापासून कुठे जायचं, हे काही त्यांनी ठरवलेलं नसतं. 'तुम्ही किती मारले?' हे मात्र कुणालाच विचारू नका, लढलेल्यांना तर नाहीच. 'कुठल्या युनिटला होतात? पोस्टिंग कुठे कुठे झालं?' असं विचारा आणि चहा ठेवा, कारण उत्तर लांबतं. काही बोललेच नाहीत तर पावसाच्या गप्पा मारा.

आमच्या गल्लीत एक वीरपत्नी राहतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवावं का? वाईट तर वाटणार नाही? (देवळाली कॅम्प)

न बोलावल्याचंच वाईट वाटतं. आपल्या लष्कराचे पहिले भारतीय प्रमुख फील्ड मार्शल करिअप्पा 14 जानेवारी 1953 रोजी निवृत्त झाले, म्हणून त्या दिवशी देशभर माजी सैनिक दिन पाळतात. म्हणजे आपल्या संक्रांतीच्याच सुमाराला! घरी जाऊन आमंत्रण द्या. कुंकू लावायचं का, हे तेव्हाच एकटीला विचारा; दारात, सगळ्या बायकांदेखत नको. वाण इतरांना तेच त्यांना. ओळख करून देताना आधी त्यांचं नाव आणि त्या काय करतात ते सांगा, मग पतीविषयी. 'बिचारीने फार सोसलं' हा सूर बंद. पतीच्या आठवणी त्यांनी काढल्या तर मात्र चपापून विषय बदलू नका, ऐका.