बाबा सत्तरीतले, वयही सत्तरीपार

प्रश्न: आमचं कुळागर (पोफळी-माड-केळीची बाग) आणि काजूची बाग गोव्यात, सत्तरी तालुक्यात आहे. बाबा 71 वर्षांचे, गुडघा गेलाय, काठीशिवाय चालवत नाही. त्यांच्या नावावर पीक राखायची ठासणीची बंदूक आहे. बहीण न्यू जर्सीला असते, ती म्हणते तिकडे म्हाताऱ्यांना नि अपंगांना शिकारीचं, मासे मारायचं लायसन्स फुकट नाहीतर सवलतीत मिळतं. आपल्याकडे असं काय आहे का? आणि उन्हाळ्यात ती बाबांना तिकडे नेणार, तिथे ते गरवायला (गरीने मासे धरायला) बसले तर चालेल ना?

उत्तर: शिकारीचं आधी सांगतो कारण त्यात लोक सगळ्यात जास्त गोंधळ करतात. आपल्याकडे शिकारीच्या लायसन्सला सवलत नाही कारण लायसन्सच नाही! 1972 च्या वन्यजीव कायद्यात पूर्वी तशी लायसन्सं होती, 1991 ची दुरुस्ती झाली आणि ती गेली. बाबांकडे आहे ते शस्त्राचं लायसन्स, बंदूक बाळगायचं, डुक्कर मारायचं नव्हे. रानडुकरांनी माड्या (पोफळी), केळी उपटून टाकल्या तर मुख्य वन्यजीव वॉर्डन किंवा त्याने नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, त्यासाठी आधी वनखात्याकडे अर्ज करा आणि नुकसानीचे फोटो काढून ठेवा. परवानगी नसताना "घरच्या बागेत मारला" म्हणून कोण सोडत नाही, 3 वर्षांपर्यंत कैद नाहीतर 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. फास लावणंसुद्धा कायद्याने शिकारच, तेव्हा शेजारी काही म्हणू दे, तुम्ही लावू नका. आणि गवा तर शेड्यूल 1 मधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतला, वर आपला राज्यप्राणी, त्याचा विचारच नको.

आता तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्या खऱ्या कामाची गोष्ट. 2016 च्या शस्त्र नियमांत असं आहे की लायसन्सवाल्याला 70 वर्षं पूर्ण झाली, किंवा बंदूक त्याच्याकडे 25 वर्षं आहे, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या हयातीतच वारस ठरवू शकतो आणि त्या वारसाच्या नावावर लायसन्स मिळू शकतं. म्हणजे बाबा गेल्यावर पोलीस स्टेशनला बंदूक जमा करा, मग धावपळ करा हे टाळता येतं. वारस 21 च्या वरचा पायजे, पोलीस चौकशी त्याचीही होणार, डॉक्टरचा दाखलाही लागतो. अर्ज कलेक्टर ऑफिसात. लायसन्स आता 5 वर्षांचं असतं, तेव्हा मुदत कधी संपते ती तारीख आजच बघून ठेवा, आमच्याकडे येणारी निम्मी पत्रं मुदत उलटून गेल्यावरची असतात.

मासळीचं त्या मानाने सोपं. आपला 1980 चा सागरी मासेमारी कायदा होड्यांना धरून आहे, ट्रॉलरला, होडीला लायसन्स पायजे, काठावर गरी टाकून बसलेला म्हातारा त्या कायद्यात येत नाही. 1 जून ते 31 जुलैची बंदी असते ती यांत्रिक होड्यांना. पण खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतल्या) मानशीवर, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावर बसायचं असेल तर जपून, तिथली मासळी पावणी (लिलाव) जिंकलेल्याची असते, चार शेवटे नि एक तामसो असे मासे काढलात तरी भांडण ठरलेलं. विचारून बसा, बहुतेक जण म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणत नाहीत.

आता न्यू जर्सी. बहीण सांगते ते खरं आहे, तिथे 70 च्या वरच्यांना गोड्या पाण्यात गरवायला लायसन्स लागतच नाही, 65 ते 69 ला कमी पैशात, दृष्टिहीनांना फुकट. पण हे सगळं त्या राज्याच्या रहिवाशांना! बाबा व्हिजिटर व्हिसावर जाणार म्हणजे ते रहिवासी नव्हेत, वय 71 असो की 91, बाहेरच्यांचं लायसन्स काढावंच लागेल, थोड्या दिवसांचंही मिळतं. आणि एक युक्ती सांगतो, समुद्रावर किंवा खाडीत बसवा त्यांना. खाऱ्या पाण्यात त्या राज्यात लायसन्स नाही, फक्त एक फुकटचं रजिस्ट्रेशन असतं, ते बहिणीने बसल्या जागी ऑनलाइन करून द्यावं. कुठला मासा किती लांबीचा ठेवायचा याचे नियम मात्र कडक, छोटा लागला तर परत पाण्यात सोडायचा. हे बाबांना आधीच सांगा, आमच्या आजोबांना तर असं कोणी सांगितलं असतं तर त्यांनी गरीच फेकून दिली असती.