मार्गशीर्षातला एक रविवार

प्रिय बाळा,

तुझा निरोप मिळाला. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, क्रॅकर्सचं प्रमाण हवंय म्हणतोस. प्रमाण देतेच, पण आधी दिवस ठरव. दिवाळीचा फराळ घरोघरी का टिकला? चकलीची कृती काय, कुठेही मिळते. पण दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी सोऱ्या कोण फिरवणार आणि कढईपाशी कोण बसणार हे ठरलेलं असतं, म्हणून टिकला. तुला हे एकदा करून बघायचं नाहीये, घरात रुजवायचं आहे, हे मला तुझ्या बोलण्यातून कळलं. म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

माझं ऐकशील तर मार्गशीर्षातला पहिला रविवार धर. मार्गशीर्षात गुरुवारी तुमच्याकडे महालक्ष्मीचा उपवास, शनिवारी तुझी ड्यूटी. रविवारी सगळे घरी. दुसरं कारण हवेचं. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, हरसूलकडची नागली दिवाळीच्या आगेमागे निघते, तेव्हा नवा दाणा मिळतो. आणि निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की समजावं, हवा कोरडी झाली, आता भाजलेलं सादळणार नाही. पावसाळ्यात हाच घाट घातलास तर सकाळचे क्रॅकर्स संध्याकाळी मऊ पडतील.

आता कामं. लाटणं तू हातात घे. सूनबाईने एकटीने मळायचं, लाटायचं, भाजायचं आणि बाकीच्यांनी डबा उघडून खायचं, अशी घरं मी पुष्कळ पाहिली. तिथे ती बाई थकली की पदार्थही थांबतो. सूनबाईला विचार, तिला यातलं काय करायला आवडेल. ती म्हणेल ते तिचं. तुझ्या बाबांना वजनकाटा दे, त्यांना मोजमाप नेटकं लागतं. टोचे मारायचं काम छोटीचं. आणि ताईला, म्हणजे तुझ्या आईला, ओव्हनजवळ खुर्ची टाकून दे. गुडघ्यांमुळे तिला उभं राहवत नाही, पण भाजून झालं की नाही हे ती नुसत्या वासावरून सांगते. ते या पदार्थात किती महत्त्वाचं आहे, ते पुढे सांगते.

प्रमाण असं: 200 ग्रॅम नागलीचं पीठ, 200 ग्रॅम कणीक, 60 ग्रॅम तेल, 8 ग्रॅम मीठ, दोन मोठे चमचे तीळ, एक लहान चमचा ओवा. पाणी साधारण 200 मिली, पण ते हाताला विचारून. नागलीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, थंड पाण्यात भिजवलीस तर लाटताना कडा फुटतात. म्हणून तांदळाच्या भाकरीसारखी उकड काढायची. पाणी मीठ घालून खळखळ उकळव, गॅस बंद कर, नागलीचं पीठ त्यात ओतून उलथन्याने भराभर हलव आणि दहा मिनिटं झाकून ठेव. तोवर परातीत कणकेला तेल चोळ. मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारताच फुटला पाहिजे. मोहन एवढं बास. त्यातच तीळ आणि ओवा टाक. मग कोमट उकड त्यात घालून मळ, कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका मार. गोळा घट्ट हवा, पुरीच्या कणकेसारखा. ओल्या फडक्याखाली अर्धा तास राहू दे.

लाटताना घाई करू नकोस, सगळं इथेच ठरतं. बेकिंग पेपरवर गोळा ठेव, वरून दुधाच्या पिशवीचा कापून धुतलेला कागद टाक आणि मधून कडेकडे लाटत जा. जाडी दोन मिलिमीटर, आणि सगळीकडे सारखी. मध्ये जाड आणि कडेला पातळ राहिली की कडा करपतात आणि मधला भाग चामट राहतो. नंतर वरचा पिशवीचा कागद काढून टाक आणि करंजीच्या कातणाने चौकोन पाड, पण उचलू नकोस. खालच्या बेकिंग पेपरसकट ट्रेमध्ये सरकव. आता छोटीला काट्याचा चमचा दे. प्रत्येक चौकोनाला पाच-सहा टोचे, आरपार. आतली वाफ त्या भोकांतून निघून जाते, नाहीतर क्रॅकर पुरीसारखा फुगतो आणि पोकळ होतो. हे काम लहान हातांना छान जमतं. आणि ते खरोखर गरजेचं आहे, हे तिला नीट समजावून सांग. मुलांना उगाच दिलेलं काम लगेच ओळखू येतं.

ओव्हन 170 अंशांवर आधी पंधरा मिनिटं तापव. क्रॅकर्स 14 ते 18 मिनिटं लागतात. मध्ये एकदा ट्रे फिरव, कारण घरच्या ओव्हनची मागची बाजू बहुधा जास्त तापते. मैद्याचं बिस्किट बदामी झालं की काढता येतं. नागली मुळातच तपकिरी, तिच्यात रंगावरून काही कळत नाही. म्हणून नाक लागतं. आधी ओलसर उकडीचा वास येतो, मग तिळाचा, आणि शेवटी तव्यावरून उतरवलेल्या भाकरीचा खमंग वास. तिथे ताईने 'झालं' म्हटलं की उष्णता 100 अंशांवर आण आणि आणखी वीस मिनिटं नुसतं वाळू दे. कुरकुरीतपणा या वाळण्यातून येतो. बरेच जण ही वीस मिनिटं वाचवायला आच वाढवतात आणि वरून करपलेला, आतून मऊ माल पदरात पडतो.

जाळीवर पूर्ण गार होऊ दे. कोमट असताना डब्यात भरलेस तर त्यांच्याच वाफेने मऊ पडतील. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा हवा, भांडी बाजारात मिळेल. तरी सादळलेच, तर 120 अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेव, पुन्हा वाजायला लागतात.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्यानंतर नागलीची बिस्किटं दुकानात सहज दिसायला लागली, त्याचं मला बरंच वाटतं. 100 ग्रॅम नागलीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, वाढत्या मुलीच्या घरी ती यायलाच हवी. पण विकत आणताना पाकिटाची मागची बाजू वाच. कितीतरी पाकिटांत मैदा पहिला आणि नागली नावापुरती असते. आपल्या जिल्ह्याच्या डोंगरात पिकणारं धान्य छोटीला चवीने ओळखता यावं, असं मला फार मनापासून वाटतं.

आणि एक, पहिल्या वर्षी चीज, ओरेगॅनो, लसणाची पूड काही घालू नकोस. दोन-तीन वर्षं एकच चव राहू दे, म्हणजे ती 'आपल्या घरची' होते. पुढे छोटीने काही बदल सुचवला तर मात्र तिला अडवू नकोस.

हे प्रमाण लिहिलेला कागद चिकटवून ठेवायची जागा म्हणजे पिठाच्या डब्याचं झाकण, आतल्या बाजूने. तिथे दरवर्षी तारीख टाका, पाणी किती लागलं ते लिहा. नव्या आणि जुन्या दाण्याला पाणी कमीजास्त लागतं. अक्षर दरवर्षी वेगळ्याचं असू दे.

नागली या आठवड्यातच आणून ठेव. तिच्यात बारीक कच असते, दाताखाली आली की सगळी मजा जाते. तेव्हा निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन, गच्चीवर दोन दिवस कडकडीत वाळव. दाणा वर्षानुवर्षं टिकतो, पीठ मात्र लागेल तेवढंच दळून आण. गिरणीवाल्याला सांग, आधी गहू दळ आणि त्यावर नागली. हरभऱ्याच्या डाळीवर घालू नकोस, वास लागतो.

तुझी,
मावशी