मीनाकारी की जडाव?

प्रश्न असा आहे: प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या सोन्याच्या मुखवट्यावरच्या निळ्या पट्ट्यांना एका लेखात 'मीनाकारी' म्हटलंय. हा शब्द बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. 'जडाव' म्हणावं.

मीना करताना काचेची रंगीत पूड धातूवर भरतात आणि भट्टीत तापवतात. ती वितळून धातूलाच धरते. इजिप्तच्या सोनाराची रीत निराळी होती. सोन्याच्या पत्र्यावर बारीक पट्ट्या उभ्या झाळून तो घरं पाडायचा आणि प्रत्येक घराच्या मापाचा खडा घासून आत चिकटवायचा. लाल अकीक, सिनाईचा पिरोजा, पार अफगाणिस्तानातून आलेला निळा लाजवर्द. विस्तव लागायचा तो सोनं झाळायला, रंग भरायला नव्हे.

घोटाळा होतो काचेमुळे. मुखवट्याच्या शिरोवस्त्रावरचे निळे पट्टे खरोखरच काचेचे आहेत. पण ती काच आधी घडवून खड्यासारखी बसवलेली आहे. नुसती काच दिसली म्हणून मीना म्हणायचं, तर लाखेच्या बांगडीवरच्या आरशांनाही म्हणावं लागेल!

हे काम नीट पाहायचं तर मुखवट्यापेक्षा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं सितहाथोरयुनेत या राजकन्येचं गळ्यातलं पदक पाहावं. इजिप्तमधल्या लाहून या ठिकाणी १९१४ साली सापडलेलं, तुतनखामुनच्याही पाचशेहून अधिक वर्षं आधीचं. रुंदी जेमतेम आठ सेंटिमीटर, आणि तेवढ्यात ३७२ खडे. दोन ससाणे समोरासमोर, मध्ये तिचे वडील दुसरे सेनुस्रेत यांचं नाव. ससाण्यांची पिसं वेगवेगळ्या रंगांच्या खड्यांची, आणि दोन रंगांमध्ये दिसते ती सोन्याची रेघ म्हणजे त्या घराची भिंत. पदक उलटं केलं की मागेही तेच चित्र, नुसत्या सोन्यात कोरलेलं. ती बाजू तर अंगाला लागणारी, कोण बघणार होतं?

'कुंदनकाम' हा शब्दही इथे टाळावा. कुंदनात शुद्ध सोन्याचा वर्ख खड्याभोवती दाबून बसवतात. इथे भिंती आधी, खडा नंतर. 'कोंदण' मात्र चालेल, कारण खडा ज्यात बसतो ते कोंदण, मग ते कुठल्याही रीतीने केलेलं असो. लेखात पहिल्यांदा 'सोन्याची घरं पाडून केलेला जडाव' असं सविस्तर लिहावं, पुढे नुसतं 'जडाव' पुरे.